पंधरा वर्षं झाली नाहीत, तरी पेन्शन आहे! फक्त ती मागावी लागते

ट्रेनमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाईट शिफ्ट संपवून घरी चालला असाल, जिथे असाल तिथे निवांत ऐका. आजचा विषय पैशाचा आहे. आणि हा पैसा असा आहे, जो तुमच्या नावावर जमा आहे, सरकारने लिहून दिलेला आहे, पण तुम्ही मागितला नाहीत तर तो तसाच पडून राहतो.

विषय आहे ब्रिटिश सैन्यातून मध्येच बाहेर पडलेल्या माणसाची पेन्शन. तिला म्हणतात डिफर्ड पेन्शन. जुनी मंडळी प्रिझर्व्ड पेन्शन म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर राखून ठेवलेली पेन्शन. नोकरी आज सोडली, पैसे मात्र म्हातारपणी.

आता तुम्ही म्हणाल, मराठी पॉडकास्टमध्ये ब्रिटिश आर्मी कुठून आली? सांगतो. कॉमनवेल्थ देशांतल्या नागरिकांना ब्रिटिश सैन्यात भरती होता येतं, आणि भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. मी साताऱ्याकडचा. शिकायला म्हणून इकडे ब्रिटनला आलो, २००८ मध्ये आर्मीत गेलो आणि २०१७ मध्ये बाहेर पडलो. माझ्यासारखी आपली पोरं संख्येने कमी आहेत, पण आहेत. कोणी चार वर्षं करून आयटीत गेलं, कोणी सहा वर्षं करून गावी परतलं. शिवाय काहीजण नोकरी सांभाळून विकेंडला आर्मी रिझर्व्हमध्ये जातात. २०१५ पासून रिझर्व्हची माणसंही याच पेन्शन योजनेत धरली जातात. तेव्हा हा विषय त्यांचाही आहे.

बरं, आपल्या पोरांची यात अडचण काय होते? अडचण होते ती डोक्यात बसलेल्या एका आकड्याची. पंधरा.

आमच्या साताऱ्यात सैन्य म्हणजे घरचा विषय. अपशिंगे मिलिटरी हे गाव तुम्हाला माहीत असेल, नावातच मिलिटरी आहे. अशा भागात वाढलेल्या पोराला पाढ्यासारखं पाठ असतं की जवानाला पेन्शन बसायला पंधरा वर्षं नोकरी लागते. आणि अधिकाऱ्याला वीस. त्याआधी बाहेर पडलात तर ग्रॅच्युइटी वगैरे जे काही असेल ते घ्या आणि रामराम. भारतीय सैन्यात नियमित सेवेसाठी हा हिशोब बरोबर आहे. अग्निवीरांचा तर आणखी वेगळा. चार वर्षं, शेवटी साधारण ११.७१ लाखांचा सेवा निधी, आणि पेन्शन नाही.

तर हाच हिशोब डोक्यात घेऊन आपला पोरगा ब्रिटिश आर्मीतून सहा वर्षांनी बाहेर पडतो. कोणी विचारलं, "काय रे, पेन्शन?" तर तो हसून म्हणतो, "पंधरा कुठे झाली?" संपला विषय. पण इकडे नियम पंधराचा नाहीच. इकडे नियम आहे दोनचा. दोन वर्षं पात्र सेवा झाली की पेन्शनवर तुमचा हक्क तयार होतो. आणि ती पेन्शन तुमच्या पगारातून कापून केलेली नसते. ब्रिटिश सैन्यात पेन्शनसाठी सैनिकाकडून हप्ता घेत नाहीत. त्यामुळे पगाराच्या स्लिपवर ती दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते लक्षात राहत नाही.

आता थोडं नीट समजून घेऊ. घाबरू नका, गणित सोपं आहे.

ब्रिटिश सैन्याच्या मुख्य योजना तीन. त्यांना वर्षाच्या नावानेच ओळखतात. ७५, ०५ आणि १५.

पहिली, ७५ ची. ही १९७५ पासूनची. एप्रिल २००५ पर्यंत भरती झालेले बहुतेक लोक हिच्यात होते. हिच्यात मधूनच बाहेर पडलेल्या माणसाला ६ एप्रिल २००६ च्या आधीच्या सेवेची पेन्शन वयाच्या ६० व्या वर्षी मिळते. त्या तारखेनंतरच्या सेवेची ६५ व्या वर्षी. म्हणजे एकाच माणसाच्या पेन्शनचे दोन तुकडे, दोन वेगळ्या वाढदिवशी.

दुसरी, ०५ ची. ६ एप्रिल २००५ पासून भरती झालेल्यांची. माझी भरती हिच्यातली. हिची राखून ठेवलेली पेन्शन ६५ व्या वर्षी सुरू होते. प्रत्येक वर्षाच्या सेवेला शेवटच्या पेन्शनपात्र पगाराचा सत्तरावा भाग.

तिसरी, १५ ची. १ एप्रिल २०१५ पासून. १ एप्रिल २०२२ पासून तर जे सेवेत आहेत ते सगळेच हिच्यात. हिच्यात दर वर्षीच्या पगाराचा सत्तेचाळिसावा भाग तुमच्या खात्यात मांडला जातो. आणि मध्येच बाहेर पडलात तर पैसे मिळतात स्टेट पेन्शनच्या वयाला. ते वय सध्याच्या कायद्याप्रमाणे ६६ वरून ६७ कडे चाललंय, आणि माझ्या वयाच्या लोकांसाठी ते ६८ आहे.

एक उदाहरण करू. फोनचा कॅल्क्युलेटर उघडा हवं तर. समजा एक पोरगी आज आर्मीत आहे, वर्षाचा पगार २४,००० पौंड. भागिले ४७. आले साधारण ५१० पौंड. सोपं व्हावं म्हणून पगार वाढला नाही असं धरू. सहा वर्षं केली तर साधारण ३,०६० पौंड. हे दर वर्षी मिळणार, स्टेट पेन्शनच्या वयापासून मरेपर्यंत. आजच्या दराने रुपयांत बघितलं तर वर्षाला तीन लाखांहून जास्त. वीस वर्षं जगली तर साठ हजार पौंडांच्या वर. आणि ही पोरगी म्हणतेय, "सहाच तर वर्षं केली, मला कसली पेन्शन!"

आता ०५ चं उदाहरण. शेवटचा पगार २८,००० पौंड, सेवा सहा वर्षं. २८,००० भागिले ७० म्हणजे ४००. सहा वर्षांचे २,४०० पौंड दर वर्षी. शिवाय ७५ आणि ०५ या दोन योजनांमध्ये पेन्शन सुरू होताना तिच्या तिप्पट एकरकमी मिळतात. म्हणजे ७,२०० पौंड हातात, वर दर महिन्याची पेन्शन. १५ च्या योजनेत एकरकमी आपोआप मिळत नाही. पण वार्षिक पेन्शनचा थोडा भाग सोडून दिला तर सोडलेल्या प्रत्येक पौंडामागे १२ पौंड एकदम घेता येतात, ठरावीक मर्यादेपर्यंत.

इथे कोणीतरी म्हणणार, "अहो, २०५० मध्ये २,४०० पौंडांना कोण विचारणार? तेव्हा चहासुद्धा येणार नाही!" बरोबर शंका आहे. पण ही रक्कम गोठलेली नसते. बाहेर पडल्यानंतर ती महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दर एप्रिलमध्ये वाढते. आदल्या सप्टेंबरचा महागाईचा आकडा धरतात. एप्रिल २०२३ मध्ये ही वाढ १०.१ टक्के होती, एप्रिल २०२४ मध्ये ६.७ टक्के, एप्रिल २०२५ मध्ये १.७ टक्के. तुम्ही झोपलेले असा, गावी भात लावत असा, दुबईत असा, ती वाढत राहते.

आणि गावी परतणाऱ्यांसाठी हा मुद्दा फार मोठा आहे. ब्रिटनची जी स्टेट पेन्शन असते, सगळ्या नोकरदारांची, ती तुम्ही भारतात राहायला गेलात की वाढायची थांबते. ज्या रकमेवर तुम्ही तिथे गेलात किंवा तिथे असताना जी पहिल्यांदा सुरू झाली, तिथेच ती अडकते. सैन्याची पेन्शन मात्र भारतात राहिलात तरी महागाईप्रमाणे वाढते. दोन्ही पेन्शन वेगळ्या, दोन्हींचे अर्ज वेगळे, दोन्हींचे नियम वेगळे. एक मागितली म्हणजे दुसरी आली असं होत नाही.

ओके. आता मुख्य गोष्टीकडे येतो.

तुम्हाला वाटेल, सरकारकडे आपली जन्मतारीख आहे, सर्व्हिस नंबर आहे, मग ६५ वा वाढदिवस आला की खात्यात पैसे पडतील. नाही पडत. डिफर्ड पेन्शन आपोआप सुरू होत नाही. तुम्हाला अर्ज करावा लागतो. त्या अर्जाचं नाव एएफपीएस फॉर्म ८. सरकारी वेबसाईटवर फुकट मिळतो. काम बघतं डिफेन्स बिझनेस सर्व्हिसेस, ऑफिस ग्लासगोला. वय पूर्ण व्हायच्या काही महिने आधी फॉर्म भरून पाठवायचा, म्हणजे वेळेवर सुरू होते.

फॉर्म अवघड नाही हो. नाव, सर्व्हिस नंबर, नॅशनल इन्शुरन्स नंबर, सेवेच्या तारखा, बँकेचा तपशील. दहावी झालेला माणूस भरेल. अवघड आहे ते मधलं अंतर. मी ३२ व्या वर्षी बाहेर पडलो. माझी पहिली पेन्शन ६५ ला, म्हणजे २०५० मध्ये. तेहेतीस वर्षं! तेहेतीस वर्षांत माणूस किती फोन बदलतो, किती घरं बदलतो, किती पासवर्ड विसरतो. लग्न होतं, आडनाव बदलतं, देश बदलतो. आणि ग्लासगोच्या फाईलमध्ये पत्ता राहतो तो बॅरेकचा.

माझ्याबरोबर भरती झालेला एक दोस्त होता, कराडच्या बाजूचा. नाव घेत नाही, वहिनींना ते आवडणार नाही. सहा वर्षं केली, २०१४ च्या शेवटी बाहेर पडला, गावी जाऊन गाड्यांचं गॅरेज टाकलं. चांगलं चाललं होतं. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत कोरोनाने गेला. पस्तिशीत. मागे बायको आणि एक लहान मुलगी.

त्यानंतर साताठ महिन्यांनी वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या पेटीत तिकडचे कागद सापडलेत. इंग्रजीत आहेत. टाकून देऊ का ठेवू?" मी म्हटलं, "वहिनी, काहीही टाकू नका. एकेकाचा फोटो काढून पाठवा." त्यात डिस्चार्जचे कागद होते, आणि एका पत्रात साफ लिहिलं होतं, अमुक इतकी पेन्शन राखून ठेवलेली आहे, वयाच्या ६५ व्या वर्षी देय.

वहिनी म्हणाल्या, "पण ते तर पासष्टचे होणारच नाहीत आता." ते वाक्य ऐकून मला काही सुचेना. मग सांगितलं की वहिनी, ती पेन्शन त्याच्याबरोबर गेलेली नाही.

मंडळी, हे नीट ऐका. पेन्शन सुरू व्हायच्या आधी माणूस गेला, तर घरच्यांचा हक्क असतो. ०५ आणि १५ च्या योजनेत पती किंवा पत्नीला त्या राखून ठेवलेल्या पेन्शनच्या साडेबासष्ट टक्के पेन्शन मिळते, ७५ च्या योजनेत निम्मी. शिवाय एकरकमी. लहान मुलांचाही हक्क आहे. आणि पत्नीला त्यासाठी स्वतःचं वय ६५ होईपर्यंत थांबावं लागत नाही.

वहिनींचं काम झालं, पण वर्षाच्या वर गेलं. त्याला कारण कोणाची दुष्टाई नव्हती, कारण होते कागद. आर्मीच्या रेकॉर्डवर त्याचं नाव आणि आडनाव एवढंच. भारतातल्या मृत्यू दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्नाच्या दाखल्यावर वहिनींचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्ट काढलेलाच नव्हता. ग्लासगोत बसलेल्या माणसाला कसं कळणार की ही तीन नावं एकाच बाईची आहेत? मग प्रतिज्ञापत्र, नोटरी, मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर, परत पोस्ट. रक्कम फार मोठी नाही. पण मुलीची शाळेची फी तिच्यातून जाते, आणि वहिनी म्हणतात, "हे ह्यांच्याच कमाईचं आहे, कोणापुढे हात पसरलेला नाही."

हे पैसे कोणी लपवून ठेवले नव्हते. पेटी रद्दीवाल्याकडे गेली असती तर मात्र ते कोणाला कळलेही नसते. ते कागद सोडले तर त्या पैशाबद्दल घरात कोणाला माहीतच नव्हतं.

आता काही प्रश्न, जे मला नेहमी विचारतात.

"वय उलटून गेलं, आता काय?" माझ्या शेजारी एक इंग्रज आजोबा राहतात. १९७९ ते १९८८ आर्मीत होते. त्यांची पेन्शन ६० ला सुरू व्हायला हवी होती, आणि ६६ व्या वर्षी चहा पिता पिता विषय निघाला तेव्हा त्यांना कळलं. तेव्हा हा फक्त आपल्या मराठी पोरांचा गोंधळ नाही. वय उलटलं म्हणून हक्क संपत नाही. अर्ज करा, आणि मागची थकबाकी किती, हे त्याच अर्जाबरोबर स्पष्ट शब्दांत विचारा.

"माझे वडील, काका खूप जुन्या काळात होते, त्यांना मिळेल का?" इथे तारखा बघाव्या लागतात. ६ एप्रिल १९७५ च्या आधी, पूर्ण मुदत न करता जे बाहेर पडले, त्यांच्यासाठी राखीव पेन्शन हा प्रकारच नव्हता. त्या तारखेपासून ५ एप्रिल १९८८ पर्यंत बाहेर पडलेल्यांसाठी अट होती की वय किमान २६ आणि सेवा किमान पाच वर्षं. ६ एप्रिल १९८८ पासून दोन वर्षांची अट आली. शेजारचे आजोबा कधी बाहेर पडले, ती तारीख म्हणूनच महत्त्वाची. उगाच आशा लावू नका, आणि तारीख न बघता आशा सोडूही नका.

"लवकर घेता येते का?" ०५ आणि १५ मध्ये वयाच्या ५५ पासून घेता येते, पण मग रक्कम कमी होते आणि ती कपात कायमची असते. आजारपणामुळे कायमचं काम करणं शक्य नसेल तर वेगळे नियम आहेत, तेव्हा वैद्यकीय कागद लावून लवकर मागता येते.

"तो २०१५ चा घोळ काय आहे?" हा थोडा किचकट आहे, पण माझ्या बॅचला लागू होतो म्हणून सांगतो. २०१५ मध्ये नवीन योजना आली तेव्हा वयाने मोठ्या लोकांना जुन्या योजनेत राहू दिलं आणि तरुणांना नव्या योजनेत टाकलं. डिसेंबर २०१८ मध्ये न्यायाधीशांच्या आणि अग्निशमन दलाच्या पेन्शनच्या खटल्यात इंग्लंडच्या अपील कोर्टाने सांगितलं की हा वयावरून केलेला भेदभाव आहे. त्या निकालाचा परिणाम सैन्यावरही झाला. जे ३१ मार्च २०१२ ला किंवा त्याआधी सेवेत होते आणि १ एप्रिल २०१५ नंतरही होते, त्यांना १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०२२ या काळातल्या सेवेसाठी जुनी योजना की नवी, हे निवडायचा हक्क मिळाला. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या लोकांनी ही निवड पेन्शन मागताना करायची. तेव्हा दोन्ही आकडे समोर येतील. घाईने सही करायची नाही, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचं.

"एकजण म्हणतोय, ही पेन्शन बाहेर काढून गुंतवून देतो, डबल करतो." अशा माणसाचा फोन कट करा. सैन्याची पेन्शन गुंतवणुकीच्या खाजगी पेन्शन फंडात हलवायला एप्रिल २०१५ पासून कायद्यानेच बंदी आहे. आणि पेन्शनच्या नावाने न सांगता आलेला मार्केटिंगचा फोन ब्रिटनमध्ये जानेवारी २०१९ पासून बेकायदा आहे. फॉर्म भरून देतो म्हणून टक्केवारी मागणारेही भेटतील. फॉर्म फुकट आहे. मदत हवी असेल तर रॉयल ब्रिटिश लीजन आहे, साफा नावाची सैनिकांची जुनी संस्था आहे, सिटिझन्स अॅडव्हाईस आहे. त्यांचा सल्ला फुकट असतो.

"टॅक्स कुठे?" सरकारी सेवेच्या पेन्शनसाठी भारत-ब्रिटन करारात वेगळं कलम आहे. तुम्ही राहता कुठे आणि नागरिक कुठले, यावर ते ठरतं. त्यामुळे ब्रिटिश पासपोर्ट घेऊन पुण्यात राहणारा आणि भारतीय पासपोर्टवर पुण्यात राहणारा, दोघांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. त्या वेळी जाणकार सीएला विचारा.

चला, आता करायचं काय? तुम्ही पंचविशी-तिशीत आहात. पेन्शनला तीस-चाळीस वर्षं आहेत. आज फॉर्म ८ भरायचा नाहीये. आज फक्त चार कामं करायची.

एक. सर्व्हिस नंबर, नॅशनल इन्शुरन्स नंबर, भरतीची तारीख, बाहेर पडल्याची तारीख. हे एका कागदावर लिहा. फोनमध्ये फोटो ठेवा, पण कागदही ठेवा. फोन तीस वर्षं टिकत नाही, कागद टिकतो. डिस्चार्जचे कागद आणि पेन्शनचं पत्र प्लास्टिकच्या पाकिटात, घराच्या खरेदीखताशेजारी.

दोन. पत्ता बदलला की पेन्शन ऑफिसला कळवा. भारतात परत आलात तर नक्की कळवा. आपली बढती सांगायला आपण शंभर जणांना मेसेज करतो, हा एक ईमेल करायला काय हरकत आहे?

तीन. नावं जुळवून घ्या. मधलं नाव, लग्नानंतरचं नाव, स्पेलिंग. पासपोर्टवर एक, आधारवर दुसरं असं असेल तर माणूस जिवंत आणि धडधाकट असताना ते सरळ करणं सोपं आहे. लग्नाची नोंदणी केली नसेल तर करून घ्या. कोणाला पैसे मिळावेत याचं नामनिर्देशन भरता येतं, तेही भरा.

चार. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. घरी सांगा. बायकोला, नवऱ्याला, आईला, बहिणीला, जो तुमच्यामागे कागद बघणार आहे त्याला. आपल्याकडे पुरुष माणसं पैशाचं घरी बोलत नाहीत. बायकोला घाबरवायला नको, आईला कळणार नाही, असं म्हणत सगळं पोटात ठेवतात. एक वाक्य पुरेसं आहे हो. "ब्रिटिश सैन्यात माझी पेन्शन राखून ठेवलेली आहे, मला काही झालं तर ती तुझी आहे, कागद इथे आहेत." बास. दहा सेकंद लागतात.

तुम्ही स्वतः सैन्यात नव्हतात, तरी तुमच्या ओळखीत कोणीतरी असेल. युकेमध्ये तुमच्या मराठी मंडळात, क्रिकेटच्या टीममध्ये, गुरुद्वाऱ्याच्या लंगरात, कुठेतरी एखादा माणूस सहज म्हणतो, "मी पण होतो आर्मीत, पाच वर्षं." त्याला फक्त एवढं विचारा, "पेन्शनचं पत्र आहे का तुमच्याकडे?" पत्र नसेल तरी अडत नाही. सर्व्हिस नंबर आणि जन्मतारीख घेऊन अंदाजपत्रकाचा अर्ज करता येतो. त्याचा फॉर्म १२ नंबरचा, तोही सरकारी वेबसाईटवर.

तर मंडळी, पंधरा हा आकडा भारतातल्या नोकरीसाठी लक्षात ठेवा. ब्रिटिश सैन्यासाठी दोन लक्षात ठेवा, आणि त्याच्याबरोबर आठ. दोन वर्षं, फॉर्म आठ. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा भाग पुन्हा ऐकता येईल.

ज्याच्या कामाचा आहे त्याला हा भाग पाठवा. पुढच्या वेळी बोलू स्टेट पेन्शनबद्दल, म्हणजे दहा वर्षं आणि पस्तीस वर्षं हा काय प्रकार आहे आणि भारतात परतताना त्याचं काय करायचं. तोवर काळजी घ्या. जय महाराष्ट्र!